बाण कुठून कुठे

एसटीच्या कपाळावर पाटी असते: ‘स्वारगेट – सातारा’. शिरवळला चहाला गाडी थांबणार की नाही, कंडक्टर सुटे परत देणार की नाही, यातले काही त्या पाटीवर नसते. कुठून आणि कुठे, एवढेच असते. गणितातल्या फलनाची, म्हणजे वर्गात सगळे ज्याला फंक्शन म्हणतात त्याची, पाटीही अगदी अशीच:

फ : अ → ब

फ हे गाडीचे नाव. अ हा सुटण्याच्या जागांचा संच, तो डोमेन. ब हा पोचण्याच्या जागांचा संच, तो कोडोमेन. ब मधल्या ज्या जागांवर खरोखर कोणी उतरते तेवढ्यांची मिळून रेंज. (रोमन अक्षरांऐवजी मी इथे देवनागरी वापरतो आहे. जुन्या मराठी बीजगणितात क्ष आणि य होतेच, त्यांना परत बोलावायला हरकत नाही.)

दहावीपर्यंत मराठीतून गणित शिकलेल्या मुलावर अकरावी सायन्सला हे तीनही शब्द एकाच तासात येऊन आदळतात. मी त्यातलाच. कोडोमेन आणि रेंज यांतला फरक मला बारावी संपेपर्यंत कळला नव्हता, आणि तो विचारायचा धीरही नव्हता. फळ्यावरचा तो बाण इतका सरावाचा दिसायचा, की अधिक-उण्याच्या चिन्हांसारखाच तोही शेकडो वर्षांचा असणार असे मी धरून चाललो होतो. बरोबरीचे चिन्ह १५५७ सालचे आहे. हा बाण मात्र १९४० च्या आसपासचा. माझे वडील १९४२ चे; म्हणजे बाण त्यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी थोरला. फलन या कल्पनेला नाव मिळाल्यानंतर तिचे ‘कुठून कुठे’ लिहायला गणितज्ञांना जवळजवळ पावणेतीनशे वर्षे लागली.

नाव दिले लायब्निझने. १६७३ च्या त्याच्या एका हस्तलिखितात ‘फंक्शिओ’ हा लॅटिन शब्द येतो, पण तिथे तो वक्ररेषेशी जोडलेल्या लांबींसाठी आहे. १७१८ मध्ये योहान बर्नुलीने व्याख्या केली: एक चल राशी आणि काही स्थिर राशी यांच्यापासून कोणत्याही रीतीने बनवलेली राशी म्हणजे त्या चलाचे फलन. त्यासाठी तो ग्रीक फाय लिहून शेजारी क्ष लिहीत असे, कंस नाही. कंस आणला ऑयलरने. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे १७३४ मध्ये मांडलेल्या निबंधात त्याने रोमन एफ लिहिला आणि पुढे कंसात एक छोटी पदावली घातली. आज जगभर जे फ(क्ष) लिहितात त्याचा उगम तिथे आहे. अक्षर आले, कंस आला. कंसात काय घालायला परवानगी आहे, ते मात्र कुणी लिहिले नाही.

गरजच वाटत नव्हती. १७४८ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ऑयलरसाठी फलन म्हणजे सूत्र होते, आणि सूत्र जिथवर चालेल तिथवर ते फलन. गाडी रस्ता असेल तिथवर जाणार, मग पाटी कशाला?

त्या न लावलेल्या पाटीपायी एक भांडण मात्र झाले. ऋण संख्येचा लॉगॅरिदम किती? १७१२–१३ मध्ये लायब्निझ आणि योहान बर्नुली यांनी यावर पत्रांतून वाद घातला. बर्नुली म्हणे, उणे क्ष चा लॉग आणि क्ष चा लॉग एकच. लायब्निझ म्हणे, असा लॉग अस्तित्वातच नाही, तो काल्पनिक आहे. दोघेही पहिल्या प्रतीचे गणितज्ञ, दोघांचे युक्तिवाद वरवर निर्दोष. निकाल ऑयलरने १७४० च्या दशकाअखेर दिला: शून्य सोडून प्रत्येक संख्येला अनंत लॉग असतात, धन संख्येच्या बाबतीत त्यांतला एक वास्तव असतो, ऋण संख्येच्या बाबतीत सगळे काल्पनिक. आज हे प्रकरण वाचताना हसू येते, कारण दोघांनी आधी ‘कुठल्या संख्यांपासून कुठल्या संख्यांकडे?’ एवढे लिहिले असते तर निम्मी पत्रे वाचली असती. पण हे शहाणपण आपल्याला फुकट मिळालेले आहे. त्यांच्या हातात तो प्रश्न विचारायला चिन्ह नव्हते, आणि जे लिहायला चिन्ह नसते ते सुचायलाही वेळ लागतो.

ताणलेल्या तारेच्या कंपनावरून दालांबेर, ऑयलर आणि डॅनियल बर्नुली यांच्यात पुढे जुंपली, तेव्हा सूत्राचे हे राज्य डळमळू लागले. तार मधोमध चिमटीत धरून ओढली की तिचा आकार दोन सरळ रेषांचा होतो. एका सूत्रात तो बसत नाही, पण दोन खुंट्यांच्या दरम्यान प्रत्येक बिंदूची उंची तर ठरलेलीच आहे. खुंट्या महत्त्वाच्या आहेत. फलन एका मर्यादित जागेवर राहू शकते, ही जाणीव तारेने दिली.

ती जागा चिन्हात प्रथम उतरली तीही आडवाटेने, फूरियेच्या हातून. १८२२ च्या उष्णतेवरच्या ग्रंथात त्याने लायब्निझच्या लांबोडक्या एसच्या, म्हणजे इंटिग्रलच्या चिन्हाच्या, पायथ्याशी आणि माथ्याशी दोन संख्या लिहिल्या: इथपासून इथपर्यंत. तोवर सीमा शब्दांत सांगायची पद्धत होती. फूरियेला त्या लिहाव्या लागल्या, कारण त्याच्या मालिका फक्त एका टप्प्यापुरत्या फलनाशी जुळत. टप्प्याबाहेर मालिका आपल्या मर्जीने पुन्हा पुन्हा तोच आकार गिरवी. इंटिग्रलवर खाली-वर दोन आकडे लिहिणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला कल्पना नसते, पण डोमेनची खूण म्हणून कागदावर आलेली ही पहिली नियमित गोष्ट आहे.

मग आला दिरिखले. १८२९ मध्ये फूरियेच्या मालिकांवरच लिहिताना त्याने एक विचित्र फलन पुढे केले: क्ष परिमेय असेल तर एक किंमत, अपरिमेय असेल तर दुसरी. याला सूत्र नाही, याचा आलेखही काढता येत नाही. पण प्रत्येक क्ष ला उत्तर ठरलेले आहे. आणि १८३७ मध्ये त्याने सतत फलनाची व्याख्या दिली, तिची सुरुवात मला फार महत्त्वाची वाटते. नियम काय, हे तो आधी विचारतच नाही. आधी दोन ठरावीक संख्या घेतो, मग त्यांच्या दरम्यानच्या सगळ्या किमती घेणारा क्ष घेतो, आणि मग म्हणतो की अशा प्रत्येक क्ष ला एकच य मिळत असेल तर य हे फलन, संपूर्ण पट्ट्यात एकच नियम असायची गरज नाही. म्हणजे आधी सुटण्याची जागा, मग गाडी. क्रम उलटला. चिन्ह मात्र अजून नव्हते, सगळे वाक्यात होते.

डेडेकिंडने १८८८ मध्ये ‘संख्या म्हणजे काय आणि त्या कशासाठी’ या अर्थाचे नाव असलेले लहानसे पुस्तक काढले. तिथे दोन संख्यांमधला टप्पाही गेला. कोणताही संच घ्या, त्यातल्या प्रत्येक घटकाला एक निश्चित वस्तू नेमून द्या, झाले चित्रण. त्याचा जर्मन शब्द प्रतिमा उतरवण्याशी नाते सांगणारा आहे. इंग्रजीत तिथून ‘मॅपिंग’ आले. पण डेडेकिंडच्या व्याख्येत एक गंमत आहे. कुठून, हे ठाम. कुठे, तर कुठलीतरी वस्तू. पोचण्याचे ठाणे अजून मोकळे होते.

ते दोन्ही बाजूंना लिहायचा पहिला मोठा प्रयत्न व्हाइटहेड आणि रसेल यांचा. ‘प्रिन्किपिया मॅथेमॅटिका’चा पहिला खंड १९१० चा. कुठल्याही संबंधाच्या डोमेनसाठी त्यांनी सुलटा रोमन डी लावला आणि दुसऱ्या टोकासाठी तोच डी उलटा करून छापला. अक्षर आरशात धरल्यासारखा तो उलटा डी पानोपानी दिसतो. (छापखान्यातल्या जुळाऱ्यांनी हे पुस्तक जुळवताना काय काय म्हटले असेल, ते छापण्यासारखे नसणार.) खरा घोटाळा पुढे आहे. ‘वडील असणे’ हा संबंध घेतला तर त्यांच्या मते डोमेन म्हणजे सगळे बाप, आणि उलटे डोमेन म्हणजे मुले. आपण आज फलन म्हणून वाचतो ते असे: मूल द्या, त्याचे वडील मिळतील. म्हणजे आपले डोमेन मुले आणि त्यांचे डोमेन बाप! एकाच शब्दाची दिशा तीस-चाळीस वर्षांत फिरली. ‘डोमेन कुठले आणि रेंज कुठली, माझे नेहमी उलटे होते’ अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगावे. तो चांगल्या संगतीत आहे.

यात मराठीची बाजू बरीच सरळ आहे. आपण ‘सईचे वडील’ म्हणतो, ‘चारचा वर्ग’ म्हणतो. सुटण्याची वस्तू आधी, क्रिया नंतर. ऑयलरचा कंस याच्या विरुद्ध चालतो: आधी फ, मग क्ष. त्यामुळे ‘आधी फ लावा, मग ग लावा’ हे चिन्हात लिहिताना ग डावीकडे जातो आणि फ त्याच्या उजवीकडे, आणि वाचायचे मात्र उजवीकडून. हर्स्टीनच्या १९६४ च्या बीजगणितात, जे आपल्याकडे एमएस्सीच्या कित्येक पिढ्यांनी झिजवले, क्ष आधी आणि चिन्ह त्याच्या उजवीकडे लिहिलेले होते. आम्हाला ते विक्षिप्त वाटायचे. मराठीत विचार करणाऱ्याला खरे तर ते सोयीचे होते.

१९१४ मध्ये हाउसडॉर्फने फलनाला जोड्यांचा संच करून टाकले: (१, १), (२, ४), (३, ९)... प्रत्येक जोडीत आधी क्ष, मग त्याचे उत्तर. फार नीटनेटकी कल्पना आहे, आणि आजही पुष्कळ पुस्तकांत हीच व्याख्या असते. पण तिच्यात एक गोष्ट हरवते. जोड्या म्हणजे कंडक्टरने फाडलेली तिकिटे समजा. तिकिटांवरून कोण कुठे चढले आणि कोण कुठे उतरले ते कळते, म्हणजे डोमेन कळते, रेंज कळते. पण शेवटच्या थांब्याचे एकही तिकीट फाटले नसेल, तर गाडी कुठली होती हे तिकिटांच्या गठ्ठ्यावरून सांगता येत नाही. पाटी पाहावी लागते. कोडोमेन पाटीवर असते, तिकिटांत नसते.

मग पाटीची एवढी गरज कुणाला पडली? जागांचे आकार अभ्यासणाऱ्यांना, म्हणजे टोपॉलॉजीवाल्यांना. त्यांच्याकडे पाटी बदलली की उत्तरच बदलते. जेवणाचे ताट घ्या आणि त्याच्या काठावर एक रबरबँड पसरून ठेवा. रबरबँडला ताटभर हिंडायची मुभा असेल तर तो सरकवत सरकवत मध्यभागी आणून एका ठिपक्याएवढा करता येईल. आता ताट काढा आणि फक्त काठ ठेवा, बांगडीसारखा. रबरबँड तोच, त्याचा प्रत्येक बिंदू पूर्वी होता तिथेच. पण काठ सोडायचा नाही म्हटल्यावर तो कधीच आवळून ठिपका होणार नाही. दोन्ही वेळी जोड्या त्याच, तिकिटे तीच, रेंजही तीच. फरक एवढाच की एकदा पाटीवर ‘ताट’ लिहिले आहे आणि एकदा ‘काठ’. या शाखेतले निम्मे प्रश्न या फरकातून निघतात, आणि तिथे ‘फ मुळे अ ची प्रतिमा ब च्या आत पडते’ असे संचांच्या चिन्हांत लिहीत बसणे गैरसोयीचे होऊ लागले होते.

सॉन्डर्स मॅक लेनने १९७१ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे की फलन बाणाने दाखवण्याची कल्पना १९४० च्या सुमारास टोपॉलॉजीत आली, बहुधा विटोल्ड हुरेविचच्या निबंधांतून किंवा व्याख्यानांतून. हुरेविच पोलंडमधल्या वुज शहरात १९०४ मध्ये जन्मला आणि महायुद्धाआधी अमेरिकेत पोचला. १९५६ मध्ये मेक्सिकोत परिषदेला गेला असताना उश्मालच्या पिरॅमिडवरून तो पडला आणि मेला. बाणाचा शोध हे काही त्याचे मोठे काम नव्हे. त्याच्या नावाची प्रमेये वेगळी आहेत. पण जगातला अकरावीचा प्रत्येक विद्यार्थी त्याची जी गोष्ट रोज वापरतो ती हीच, आणि तिच्यावर त्याचे नाव नाही.

बाण चटकन रुजला याचे कारण त्याच्या आकारात आहे. वाक्य एका ओळीत चालते. बाण वर, खाली, तिरका काढता येतो. चार कोपऱ्यांवर चार संच, बाजूंना चार बाण, आणि ‘या वाटेने गेलो काय, त्या वाटेने गेलो काय, पोचतो तिथेच’ हे एका चौकटीत दिसते. आयलेनबर्ग आणि मॅक लेन यांनी १९४५ च्या निबंधात याचीच पूर्ण शाखा केली, कॅटेगरी सिद्धांत. तिथे आत काय घडते हे मागे पडले आणि बाणांची जोडणी पुढे आली. दोन बाण जोडायचे तर पहिल्याचे टोक आणि दुसऱ्याचे बूड एकाच ठाण्यावर हवे, हा तिथला पहिला कायदा. सूत्रातून निघालेल्या कल्पनेचा प्रवास इथवर आला की सूत्र गेले आणि पाटी राहिली.

शिक्का मारला बूर्बाकीने. हे नाव एका माणसाचे नाही, १९३४–३५ मध्ये जमलेल्या फ्रेंच गणितज्ञांच्या टोळीचे आहे. पण या नावाने गणिताच्या नियतकालिकात पहिल्यांदा हजेरी लावली ती आपल्या माणसाच्या निबंधात. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९३१ मध्ये अलीगढला होते, आणि तिथेच होता विशीतला आंद्रे वेइल. वेइलच्या चिथावणीने कोसंबींनी ‘बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेया’वर निबंध लिहिला आणि अस्तित्वातच नसलेल्या एका रशियन गणितज्ञाला त्याचे श्रेय देऊन तो अलाहाबादच्या अकादमीच्या पत्रिकेत छापूनही आणला. टोळी जमायला अजून तीन-चार वर्षे होती. पुढे डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा करत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारे, इतिहासकार म्हणून अधिक ओळखले जाणारे कोसंबी ते हेच.

बूर्बाकीच्या संचांवरच्या १९५४ च्या प्रकरणांत फलन म्हणजे नुसत्या जोड्या नाहीत, तर तीन गोष्टींचे त्रिकूट आहे: जोड्या, सुटण्याचा संच, पोचण्याचा संच. फ्रेंचमध्ये त्यांची नावे अक्षरशः ‘निर्गमनाचा संच’ आणि ‘आगमनाचा संच’ अशीच आहेत, एखाद्या स्थानकावरच्या फलकासारखी. इंग्रजीवाल्यांनी मात्र ‘रेंज’ हा शब्द कधी कोडोमेनसाठी तर कधी प्रत्यक्ष मिळणाऱ्या किमतींसाठी वापरून गोंधळ शिल्लक ठेवला, आणि आपण तो त्यांच्याकडून जसाच्या तसा घेतला. हिंदी पाठ्यपुस्तकांतली प्रांत, सहप्रांत आणि परिसर ही नावे मला बरी वाटतात. प्रांत म्हटले की प्रांतसाहेब आठवतात, ही एकच अडचण.

हाच इतिहास संगणकाने घाईघाईत पुन्हा गिरवला. सुरुवातीच्या फोरट्रानमध्ये चलाच्या नावाचे पहिले अक्षर आय ते एन यांपैकी असले की किंमत पूर्णांक, नाहीतर दशांश. कोडोमेन नावाच्या आद्याक्षरात लपलेले. जुन्या सी भाषेत फलन काय परत देते ते लिहिले नाही तर पूर्णांक समजला जाई, आणि त्याला काय पुरवले ते कोणी तपासत नसे. १९८९ च्या प्रमाण सी मध्ये पूर्ण पाटी लिहायची सोय झाली. एमएल आणि हॅस्केल या भाषांनी तर हुरेविचचा बाणच उचलला, उणे आणि ‘पेक्षा मोठे’ ही दोन चिन्हे जोडून. पाटी आणि प्रवासी जुळले नाहीत तर काय होते, ते ४ जून १९९६ ला दिसले. एरियान–५ हा युरोपचा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटला. वेगाशी संबंधित ६४ बिटांची एक किंमत १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायची होती, आणि त्या पूर्णांकाचे कोडोमेन ३२,७६७ ला संपत होते. एरियान–४ साठी ते पुरत असे. प्रोग्राम तसाच उचलून नव्या, अधिक वेगवान अग्निबाणात बसवला होता.

एवढे सगळे झाल्यावर आमच्या अकरावीच्या पेपरात प्रश्न काय असतो? ‘फ(क्ष) = √(क्ष − ३) या फलनाचे डोमेन आणि रेंज काढा.’ उत्तर असते, क्ष ३ किंवा त्याहून मोठा. रेंज शून्य आणि त्यावरच्या सगळ्या संख्या. गुण मिळतात. पण हा प्रश्न १७४८ सालचा आहे. तो ऑयलरसारखे सूत्र हातात देतो आणि ते कुठवर चालते ते विचारतो. आजच्या व्याख्येनुसार डोमेन काढायचे नसते, ते फलनाबरोबर दिलेले असते. न दिल्यास फलनच दिलेले नाही. ज्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर अ → ब ची व्याख्या छापलेली असते, त्याच्याच स्वाध्यायात ती मोडलेली असते. मुलांना कोडोमेन कळत नाही याचे मोठे कारण हे आहे, मुले नव्हेत.

गणित शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. प्रश्न असा लिहा: ‘वास्तव संख्यांचा असा सर्वात मोठा संच सांगा, जिथे √(क्ष − ३) ची किंमत वास्तव येते.’ चार शब्द जास्त लागतील. आणि त्यानंतर कोणतेही फलन फळ्यावर लिहिताना आधी बाण काढा, दोन्ही टोकांना संचांची नावे घाला, मग खाली सूत्र लिहा.